‘सौम्य’ या शब्दावरील आक्षेप

सस्नेह नमस्कार,

आपला पहिला आक्षेप असा, की माझ्या लेखात प्रथिनांना रेणू जोडण्याच्या पद्धतींना मी सरसकट ‘सौम्य’ म्हटले. प्रत्यक्षात एनएचएस एस्टर, म्हणजे अमाइन गटाशी जुळणारा अभिकर्मक, प्रथिनातल्या सापडेल त्या लायसिनला (अमाइन गट बाळगणाऱ्या अमिनो आम्लाला) चिकटतो आणि प्रसंगी प्रतिपिंडाची प्रतिजन ओळखण्याची जागाच झाकून टाकतो. यातले रसायनशास्त्र मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. पाण्याचे माध्यम, पीएच ७ ते ८.५ आणि खोलीचे तापमान, म्हणजे प्रथिनाची घडी मोडणार नाही अशी परिस्थिती, एवढाच माझ्या लेखी सौम्य या शब्दाचा अर्थ होता. जोडणी कुठे होते, हा निवडकतेचा प्रश्न वेगळा. आयजीजी या रक्तातल्या नेहमीच्या प्रकारच्या प्रतिपिंडावर ८० च्या आसपास लायसिन असतात. त्यांतल्या तीन-चारांवर रंगद्रव्य बसले तर बंधनक्षमता बहुधा टिकते, वीसेकांवर बसवण्याचा हव्यास धरला तर मात्र आपण म्हणता तेच होते.

माझी स्वतःची पहिली फजिती अगदी उलट्या टोकाची होती. प्रतिपिंड ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात) साठवलेले आहे हे न पाहताच मी त्यात रंगद्रव्याचा एस्टर घातला. न जोडलेला रंग वेगळा करण्यासाठी स्तंभातून गाळताना प्रथिनाचा पट्टा आधी उतरतो. तो जवळजवळ रंगहीन उतरला आणि सगळा रंग मागे रेंगाळत राहिला. ट्रिसमध्येही अमाइन असते आणि एस्टर त्यानेच फस्त केला होता.

अभिक्रिया जितकी वेगवान तितकी ती प्रथिनाला घातक, हे आपले दुसरे विधान मला मुळातच पटत नाही. ताणलेल्या वलयाच्या अल्काइनशी अझाइडचा संयोग, ही जोडणीची एक मंद पद्धत, घेऊ; तिचा दर स्थिरांक, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचे माप, साधारण १ प्रतिमोलर प्रतिसेकंद धरू. अभिकर्मक १० मायक्रोमोलर या पातळीवर कायम राहिला, तरी निम्मे प्रथिन जोडले जायला १९ तास लागतात. टेट्राझिन आणि ट्रान्स-सायक्लोऑक्टीन या वेगवान जोडीत तोच स्थिरांक १,००० किंवा त्याहूनही अधिक असतो, म्हणजे तेच काम सव्वा मिनिटाच्या आत उरकते. मंद अभिक्रिया रेटायची तर अभिकर्मक भरमसाट घालावा लागतो, नाहीतर प्रथिनाला रात्रभर ताटकळत ठेवावे लागते, आणि नाजूक प्रथिनाला यांपैकी काहीच मानवत नाही. वेगाचा धाक तिथेच बाळगावा, जिथे अभिकर्मक भलत्या गटांशीही तितक्याच वेगाने जुळतो.

तांब्याबाबतचा आपला तिसरा आक्षेप मात्र पूर्णपणे रास्त आहे. तांब्याच्या उत्प्रेरणाने होणारी क्लिक अभिक्रिया (अझाइड आणि साध्या अल्काइनची जोडणी) मी सौम्य पद्धतींच्या याच यादीत बसवली. पण तांबे, अ‍ॅस्कॉर्बेट आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि हिस्टिडिन, मेथिओनिन यांचे ऑक्सिडीकरण होते. टीएचपीटीएसारखा लिगँड, म्हणजे तांब्याला धरून ठेवणारा रेणू, तांब्यापेक्षा पाचपट घातल्यास हे नुकसान बरेच आटोक्यात राहते, पण लिगँडचा उल्लेखच मी केलेला नव्हता. मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे.