पहिलं पुस्तक तरी नक्की वाचा

‘द हंगर गेम्स’ ही कादंबरीमालिका इतकी गाजली, त्यात कुमारवयीनांसाठी लिहिलेली, मग मोठ्यांनी वाचावी का, हा प्रश्न मलाही बरेच दिवस अडवून होता. मुलांनी एकमेकांना मारायचं आणि देशाने ते टीव्हीवर बघायचं, एवढं ऐकूनच मी मागे सरले होते. वाचल्यावर मत पार बदललं. लेखिका सुझान कॉलिन्सना ही कल्पना टीव्हीचे चॅनेल बदलताना सुचली: एकीकडे रिअॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं. त्यामुळेच इथली हिंसा करमणुकीसाठी नाही, हिंसेची करमणूक करणाऱ्यांवर बोट ठेवायला आहे. पॅनेम हे कथेतल्या देशाचं नावसुद्धा ‘भाकरी आणि खेळ’ या रोमन उक्तीतून आलंय.

प्रेमत्रिकोणाला लोक नाकं मुरडतात. पण कॅमेऱ्यासमोर दाखवायचं प्रेम आणि खरं प्रेम यांत नायिका कॅटनिसची जी ओढाताण होते, ती मला फार भिडली.

तिसरं पुस्तक (२०१०) जड जातं. त्यात विजयाचा जल्लोष नाही, युद्धाने पोखरलेली माणसं आहेत. मला तेच सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. २०२० आणि २०२५ची पूर्वकथानकं मात्र मूळ तीन झाल्यावरच हातात घ्या.