'एम्बसीत जाऊ नका' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

चार दिवसांपूर्वी आत्याचा फोन आला, रडत होती. आतेभाऊ सौदीत एका घरी ड्रायव्हर आहे, पाच महिने पगार नाही आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मी म्हटलं त्याला एम्बसीत जाऊन तक्रार द्यायला सांग, तर म्हणाली नको रे बाबा, गावच्या ग्रुपवर मेसेज आलाय, तिथे गेलेल्या पोरांना आत टाकतात. मेसेज मागवून घेतला. वर लिहिलंय 'गल्फला मुलगा असलेल्या प्रत्येक आईने वाचावे' आणि खाली पाच मुद्दे: पासपोर्ट मालकाकडे ठेवणं हा तिथला कायदाच आहे, एम्बसीत गेलात की ते पोलिसांच्या ताब्यात देतात, कोणी गेलं तर पाच लाख भरल्याशिवाय बॉडी येत नाही, इमर्जन्सी सर्टिफिकेट घेतलं की जन्मात परत पासपोर्ट नाही, आणि जाताना काढतात तो विमा म्हणजे एजंटची लूट. हे वाचून पोरगा दीड महिना गप्प बसलाय, म्हणून लिहायला घेतलंय.

पासपोर्टचं आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतंय. घरात कोणाचाही पासपोर्ट असेल तर काढा आणि शेवटी बारीक अक्षरात सूचना छापल्यात त्या वाचा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे असं तिथे स्वच्छ लिहिलंय. तुमची नाही, माझी नाही, मग मालकाची कुठून होणार? ही नुसती छापील सूचना नाही, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम १७ हेच सांगतं, पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा राहतो. आणि 'तिथला कायदा' म्हणाल तर तिथेही उलटंच आहे. सौदीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला मनाई आहे, कतारने २०१५ च्या कायद्यात त्यासाठी २५,००० रियालपर्यंत दंड ठेवलाय, अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यातही कामगाराची कागदपत्रं अडकवायची नाहीत असं आहे. तरी सर्रास ठेवतात हे खरं, पण सर्रास होतंय म्हणून तो कायदा होत नाही ना. एक मात्र बघा, त्याच सूचनांत पासपोर्ट धारकाकडे किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाकडे असावा असंही आहे, म्हणून काही मालक पोरांकडून न वाचता येणाऱ्या अरबी कागदावर सही घेतात आणि नंतर तोच कागद दाखवतात. सही करू नका, आणि झाली असेल तर तक्रारीत तसं लिहा, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली म्हणून.

याच मुद्द्यात 'पासपोर्ट मागितला की हुरूब लागते' असंही घुसडलंय. यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. हुरूब म्हणजे कामगार पळाला अशी मालकाने केलेली नोंद, ती खोटी पण लावतात आणि एकदा लागली की इकाम्याचं, म्हणजे तिथल्या राहायच्या परवान्याचं, सगळंच अडतं. पण ती लावायला कारण मिळतं ते काम आणि घर सोडून निघून गेलात की. सुट्टीच्या दिवशी जाऊन किंवा मोबाईलवरून तक्रार नोंदवणं म्हणजे पळणं नव्हे, उलट आधी तक्रार नोंदवलेली असेल तर नंतर लागलेली हुरूब खोटी आहे हे दाखवायला हातात तारखेचा पुरावा राहतो. गप्प बसणाऱ्याकडे काय असतं?

एम्बसीवाले पोलिसांना देतात हे तर कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. दूतावासाचं कामच आपल्या नागरिकांना मदत करायचं, १९६३ च्या व्हिएन्ना करारात ते लिहिलेलं आहे. त्याच कराराचं कलम ३६ सांगतं की परदेशात कोणाला अटक झाली आणि त्याने मागणी केली तर तिथल्या सरकारने त्याच्या दूतावासाला कळवलंच पाहिजे. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर, तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय की.

हां, एम्बसी मालकाच्या खिशातून पगार काढून आणू शकत नाही. तिथला कायदा तिथलाच, पगाराचा दावा तिथल्या कामगार खात्यात नाहीतर कोर्टातच चालतो. एम्बसी मालकाशी बोलते, पत्र देते, गरज असेल तर सुरुवातीची कायद्याची मदत देते. अंतराचा त्रास पण खरा आहे, दम्मामहून रियाध चारशे किलोमीटर आणि आपल्या पोरांना सुट्टी शुक्रवारची, तेव्हाच एम्बसी बंद. पण म्हणून तर २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल आहे आणि त्यावर इथे बसलेली आई पण तक्रार टाकू शकते, मुलाने कुठे जायलाच पाहिजे असं नाही.

बॉडीचं ऐकून आत्याच्या पोटात गोळाच आला होता. पाच लाखांचा असा कुठलाही नियम नाही. बहुतेक वेळा मृतदेह पाठवायचा खर्च मालकावर येतो, तो देत नसेल आणि घरच्यांची ऐपत नसेल तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून देता येतो. अडकलेल्याचं तिकीट, राहणं-जेवण, तातडीचे उपचार पण त्यातच बसतात, २०१७ ला नियम आणखी सैल केलेत. कुवेतला मंगाफच्या आगीत, जून २०२४, आपले ४५ जण गेले, त्यांना हवाई दलाच्या विमानाने दोन दिवसांत आणलं. एकट्या-दुकट्या मृत्यूला एवढी घाई होत नाही, पोलीस आणि हॉस्पिटलच्या कागदांत आठवडे जातात, ही तक्रार मला पटते. पण ती उशिराची तक्रार आहे, पैशाची नाही.

उरलेलं पटकन सांगतो. इमर्जन्सी सर्टिफिकेट हे फक्त भारतात परतायचं एका फेरीचं कागदपत्र, इथे आल्यावर नवीन पासपोर्टला अर्ज करता येतो. फक्त ते हातात आलं म्हणजे सुटलो असं नाही, सौदीचा एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, वेगळा लागतो. आणि विमा, म्हणजे प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. यात एजंटची लूट कुठली? लूट बघायचीय तर एजंटने फी किती घेतली ते विचारा, कायद्याने तीस हजार आणि वर जीएसटी एवढीच मर्यादा आहे.

काल रात्री आत्याकडे बसून पोर्टलवर तक्रार टाकली, पासपोर्ट नंबर, इकाम्याचा फोटो, मालकाचं नाव-पत्ता सगळं घालून. तक्रारीचा नंबर आतेभावाला पाठवला, म्हणाला दादा, हे आधी का नाही सांगितलंस. ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या काकांना सकाळी फोन करून सगळं समजावलं आणि मेसेज काढा म्हटलं. अजून काढलेला नाही.