आडव्या व्याख्यानाचे उभे तुकडे

आपल्या गावच्या व्याख्यानमालेचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकले म्हणजे आपण ज्ञानप्रसार केला, असा आपला समज असेल तर तो आधी काढून टाका. दीड तासाचे ते आडवे चित्रीकरण शे-दीडशे जण उघडतात. त्यांतले निम्मे समितीचे सभासद असतात आणि उरलेले आपला सत्कार कितव्या मिनिटाला आहे एवढेच पाहून बाहेर पडतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा श्रोत्यांच्या हातात फोन नव्हते, त्यामुळे विषय संपेपर्यंत ऐकत बसण्यावाचून बिचाऱ्यांना गत्यंतर नव्हते. आपल्यापुढे ती अडचण नाही. आमच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेचा समाजमाध्यम प्रमुख या नात्याने (हे पद मला, सभासदांत सर्वांत नवा फोन माझा आहे, या एकमेव पात्रतेवर मिळाले) लांब व्याख्यानाच्या रील कशा पाडाव्यात याचे मार्गदर्शन मी येथे विनामूल्य करीत आहे.

उदाहरणासाठी गेल्या मे महिन्यातले एक व्याख्यान घेऊ. भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक भूजलावर बोलायला आले होते. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खाली अखंड कातळ लागला की बोअर कितीही खोल नेली तरी पाणी लागेलच असे नाही. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. तेव्हा खाली जाण्याआधी वरून पडणारे पाणी मुरवा, असे ते दीड तास, घसा न खाकरता, आकडे आणि नकाशे दाखवून सांगत होते. श्रोत्यांनी ते मन लावून ऐकले. म्हणजेच रील म्हणून त्यात काहीही नव्हते.

अशा वेळी धीर सोडू नये. आधी चौकट उभी करावी. मूळ चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे असते. त्याची उंची तशीच ठेवून ते नऊ-सोळाच्या उभ्या प्रमाणात कापले की रुंदीतले जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक चित्र आपण पहिल्याच फटक्यात टाकून देतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. प्राध्यापकांच्या मागे महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगला होता आणि ते हातातल्या काठीने कुठे कातळ, कुठे गाळ, ते दाखवीत होते. महाराष्ट्र हे राज्य मुळात आडवे आहे, ही त्याची चूक आहे. उभ्या चौकटीत एका बाजूने कोकण गेले, दुसऱ्या बाजूने विदर्भ गेला आणि मध्ये प्राध्यापक व मराठवाड्याचा काही भाग उरला. विदर्भाला चौकटीबाहेर राहण्याची सवय असल्यामुळे तिकडून तक्रार आली नाही. कोकणातून एकाने विचारले, तर त्यांना ‘उभा महाराष्ट्र’ म्हणतात तो हाच, असे उत्तर दिले.

हे कापण्याचे काम हाताने करण्याची गरज नाही. चेहरा ओळखून चौकट आपोआप त्याच्यामागे नेणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, शिवाय कोणता तुकडा किती चालेल याचे शंभरपैकी गुणही देतात. आमच्या सॉफ्टवेअरने प्राध्यापक फळ्याकडे वळताच त्यांना सोडले आणि व्यासपीठावरच्या सरस्वतीच्या तसबिरीवर मुक्काम ठोकला. पुढची चौदा सेकंदे साक्षात शारदा, किंचित घोगऱ्या पुरुषी आवाजात, खडकाच्या सच्छिद्रतेविषयी बोलत होती. या तुकड्याला ८७ गुण मिळाले. प्राध्यापकांच्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याला ३१ होते.

आता मुख्य विद्येकडे येऊ, ती म्हणजे वाक्य कुठे तोडायचे. या बाबतीत मराठी माणसाने स्वतःला भाग्यवान समजावे, कारण आपली भाषा जणू कात्रीसाठीच घडली आहे. इंग्रजीत माणूस आधी ‘मला असे वाटत नाही’ म्हणून मोकळा होतो आणि मग काय वाटत नाही ते सांगतो, त्यामुळे तिथल्या एडिटरला वाक्याचे डोके उडवावे लागते आणि धड अडखळत सुरू होते. आपल्याकडे नकार शेवटच्या बाकावर बसतो. माणूस आधी विधान पूर्ण करतो, आवाज चढवून करतो, आणि मग ‘असे म्हणणाऱ्यांची मला कीव येते’ हे खालच्या पट्टीत जोडतो. ते शेपूट ‘असे’च्या अलीकडे कापले की हाती एक ठणठणीत, सुटसुटीत, बेजोड विधान येते आणि कापल्याची खूणही दिसत नाही. आपले प्राध्यापक एकोणसाठाव्या मिनिटाला म्हणाले होते, “दोनशे फुटांवर पाणी नाही लागलं तर पाचशे फूट जा, असं जो तुम्हाला सांगतो ना, तो तुमचं शेत नाही, स्वतःचं मशीन बघतोय.” यातले पहिले नऊ शब्द ठेवावेत. उरलेले व्याख्यानमालेच्या संग्रहात सुरक्षित असतात. ज्यांना हवे त्यांनी तिथे जाऊन ऐकावेत, आपण कोणाला अडवलेले नाही.

‘पण’, ‘तथापि’, ‘सरसकट नव्हे’, ‘जमीन पाहून’ हे शब्द दिसतील तिथे काढावेत. दोन वाक्यांमध्ये वक्ता श्वास घेतो, तोही काढावा. विचार करण्यासाठी थांबतो, ते तर आधी काढावे, कारण विचार करणारा माणूस पडद्यावर विसरल्यासारखा दिसतो. यानंतरही एखादा हट्टी ‘असं’ आवाजात शिल्लक राहिलाच, तर त्यावर संगीत चढवावे. यात नवीन काही नाही. धर्मराजाने ‘अश्वत्थामा मेला’ एवढे स्पष्ट म्हटले आणि ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना शंख वाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. द्रोणाचार्यांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला नाही, याचा दोष शंख वाजवणाऱ्यांवर येत नाही.

खाली अक्षरे हवीतच, कारण बरेच लोक बसमध्ये आवाज बंद ठेवून पाहतात. ती यंत्राकडून उमटवून घ्यावीत आणि तपासू नयेत; आमच्या यंत्राने ‘जलधर’चे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराचे, ‘जालंधर’ केले आणि ‘कातळ’चे ‘कातिल’, त्यामुळे ‘खाली कातिल आहे’ या ओळीवर नुसती गर्दी लोटली. हॅशटॅगविषयी लिहिण्यासारखे काही नाही, सगळेच टाकावेत.

लांबीबाबत मोहात पडू नये. २०२० च्या जून महिन्याच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा वेळ कसा घालवावा हा राष्ट्रीय प्रश्न उभा राहिला होता. परंतु जुलैत रील्स आणि सप्टेंबरात शॉर्ट्स भारतात दाखल होऊन तो अडीच महिन्यांत सुटला. शॉर्ट्सची मर्यादा पुढे एका मिनिटावरून तीन मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली, म्हणून कोणी तीन मिनिटे बोलू देऊ नये. तीन मिनिटांत माणूस कारण सांगू लागतो. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब त्याचा व्ह्यू मोजते, किती वेळ पाहिला याची किमान अट नाही. दारात डोकावून गेलेल्यालाही श्रोता धरण्याची ही पद्धत आमच्या समितीला इतकी पटली की यंदाच्या अहवालात मंडपावरून गेलेल्या एस.टी.तले प्रवासीही उपस्थितीत धरले आहेत.

या सर्व संस्कारांनंतर आमची रील अकरा सेकंदांची झाली. प्राध्यापक कॅमेऱ्याकडे बोट रोखून ‘दोनशे फुटांवर पाणी नाही लागलं तर पाचशे फूट जा’ असे म्हणतात, पाठीमागे ढोल घुमतो आणि रील पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पाचशे आणखी पाचशे असे हजार फुटांपर्यंत ऐकू येते. संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक भावकीच्या ग्रुपवर होती. दोन दिवसांनी आमच्याच बाजारपेठेतल्या एका बोअरवाल्याने खाली आपला नंबर आणि ‘सरांचा सल्ला, आमची सेवा’ ही ओळ टाकून ती स्टेटसला ठेवली. समितीच्या बैठकीत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. सूचक अध्यक्ष होते, अनुमोदक बोअरवाल्याचे मेहुणे.

प्राध्यापकांचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. ते चिडले नाहीत, हे अशा फोनचे वाईट लक्षण असते. त्यांच्या चुलतभावाने ती रील पाहून मशीन बोलावले होते आणि चारशे ऐंशी फुटांपर्यंत नुसती कोरडी भुकटी उडाली होती. “माझं म्हणणं पूर्ण दाखवा, एवढीच विनंती आहे,” असे म्हणून त्यांनी घरी, पुस्तकांच्या कपाटापुढे बसून, बावीस मिनिटांचा एक खुलासा चित्रित करून आमच्याकडे पाठवला.

असा खुलासा आला की घाबरू नये, तो काळजीपूर्वक ऐकावा. सहाव्या मिनिटाला प्राध्यापक चष्मा काढतात, थेट कॅमेऱ्यात पाहतात आणि थकलेल्या पण खणखणीत आवाजात म्हणतात, “दोनशे फुटांवर पाणी नाही लागलं तर पाचशे फूट जा, असं मी आयुष्यात कधीही म्हणालेलो नाही.” या वेळी ते खुर्चीत मधोमध बसलेले आहेत, मागे नकाशा नाही आणि सरस्वतीही नाही, त्यामुळे चौकट कापण्याचेही कष्ट नाहीत. कात्री ‘असं’च्या अलीकडे लावावी आणि वर ‘भाग २’ लिहावे.