देश हवाय? आधी दुपारचं जेवण काबीज करा

देश ताब्यात घ्यायचा विचार असेल तर घाईघाईने पक्ष काढू नका. पक्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, आणि तो दोन महिन्यांत निघतो. आधी इमारती बांधा. मिलानच्या वेशीवर ‘मिलानो दुए’ नावाची वसाहत उभी करा आणि तिथल्या रहिवाशांच्या करमणुकीसाठी म्हणून १९७४ मध्ये एक चिमुकलं केबल चॅनल सुरू करा. बिल्डरने टीव्ही काढला तर कोण हरकत घेणार? पुढे इटलीचे पंतप्रधान झालेले बिल्डर सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांच्या वेळीही कुणी घेतली नाही.

कायद्याचं टेन्शन नको. इटलीत देशभर प्रक्षेपणाचा हक्क तेव्हा एकट्या ‘राय’ या सरकारी टीव्हीचा होता. १९७६ मध्ये घटना न्यायालयाने खासगी वाहिन्यांना मोकळीक दिली, पण स्थानिक हद्दीपुरतीच. बरं, स्थानिक तर स्थानिक! एकच कार्यक्रम जाहिरातींसकट रेकॉर्ड करायचा, त्याच्या कॅसेटी गावोगावच्या स्टेशनांकडे पाठवायच्या आणि सगळ्यांनी ठरल्या वेळी एकदम लावायच्या. मंडप ज्याच्या त्याच्या मंडळाचा, आठच्या ठोक्याला आरती मात्र सगळीकडे एकच. १९८० मध्ये बेर्लुस्कोनींचं ‘कानाले चिंक्वे’ म्हणजे ‘चॅनल पाच’ असंच देशभर दिसू लागलं. आता कायदा नेमका कुठे मोडला, ते दाखवा पाहू.

देशभर थेट प्रक्षेपणाला बंदी, म्हणजे धड बातम्याही देता येणार नाहीत. त्याने हिरमुसू नका, उलट पेढे वाटा. बातम्या पाहून माणूस चिडतो, वाद घालतो, क्वचित विचारही करतो. त्याऐवजी भर दुपारी ‘इल प्रान्झो ए सेर्विटो’ म्हणजे ‘जेवण वाढलंय’ हा कार्यक्रम लावा. कोर्रादोसारखा घरातल्या काकांसारखा वाटणारा सूत्रधार प्रश्न विचारतो आणि स्पर्धक उत्तरं देत देत एकेका पदार्थाने जेवणाचं ताट भरत जातो. घरोघरीही तेव्हा जेवणंच चाललेली असतात. सरकारी वाहिनी देशाला शहाणं करायच्या मागे असताना तुम्ही असे थेट स्वयंपाकघरात शिरता.

सूत्रधार निवडताना फार हुशार माणूस घेऊ नका. माइक बोंजोर्नो घ्या. सामान्यपणा हीच या माणसाची ताकद आहे, त्याला पाहून कुणालाच कमीपणा वाटत नाही, असं लेखक-विचारवंत उंबेर्तो एकोने साठच्या दशकातच लिहून ठेवलं होतं. एकोला ती टीका वाटली. तुम्ही ती शिफारसपत्र म्हणून वाचा. बोंजोर्नो ‘अल्लेग्रिया!’ म्हणजे ‘आनंदी आनंद!’ असं ओरडत येतो, प्रश्न विचारतो आणि मधेच त्याच सुरात, त्याच हसऱ्या चेहऱ्याने हॅमची जाहिरातही उरकतो. खेळ कुठे संपला आणि दुकान कुठे उघडलं, हे घरच्यांना कळत नाही. कळायला नकोच आहे.

एक ना एक दिवस कुणीतरी न्यायाधीश कायद्याचं पुस्तक उघडतोच. ऑक्टोबर १९८४ मध्ये तुरीन, रोम आणि पेस्कारा इथल्या न्यायाधीशांनी ही कॅसेटींची आरती थांबवायला सांगितलं. इथे डोकं शांत ठेवा. मनाई होती ती एकाच वेळी सगळीकडे दाखवण्याला. पडदा काळा करा असं कुणीही म्हटलं नव्हतं. तुम्ही तो काळा करा. मुलांचे निळे ‘पुफ्फी’ म्हणजे आपले स्मर्फ गायब, आयांचं ‘डॅलस’ गायब. मग पाहा, जे लोक पाणीकपातीला रस्त्यावर येत नाहीत ते कार्टूनसाठी येतात की नाही. पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी तुमचे जिवलग असले तर उत्तमच. चार-पाच दिवसांत वाहिन्या पुन्हा सुरू करणारा अध्यादेश निघतो. पहिला संसदेत आपटला तर दुसरा काढायचा. (मित्र निवडताना अध्यादेशाचे अधिकार असलेला बघावा, हे वेगळं सांगायला नको.)

आता रात्रीचं बघू. ‘ड्राइव्ह इन’मध्ये विनोदी नट चुटके सांगतात आणि तोकड्या कपड्यांतल्या मुली हसतात. कुणी नाक मुरडलं तर ‘हे उपहासात्मक आहे’ एवढं म्हणा. कर्ते अंतोनियो रिच्ची आजतागायत तेच म्हणत आले आहेत. कुणाला याहून धीट काही हवं असेल, तर ‘इतालिया ७’वर १९८७ पासून ‘कोल्पो ग्रोस्सो’ आहेच. कॅसिनोचा देखावा, एकेका फळाचं नाव मिरवणाऱ्या ‘चिन चिन’ मुली, आणि गुण हवे असतील तर एकेक कपडा उतरवणारे साधेसुधे स्पर्धक. या सगळ्यात सूत्रधार उंबेर्तो स्माइला तेवढा नखशिखान्त सुटाबुटात. आब कुणीतरी राखायला हवा ना!

बातम्यांची हौस असेल तर आधी त्यांची टिंगल सुरू करा. ‘स्त्रिश्शा ला नोतित्सिया’ १९८८ मध्ये आलं. कानाले चिंक्वेचं ‘टीजी ५’ हे बातमीपत्र उगवलं जानेवारी १९९२ मध्ये. बातमीची थट्टा घराघरांत पोचली, मग मागून सावकाश बातमी आली.

पक्षाची वेळ येते ती इथे. जानेवारी १९९४ मध्ये भाषण रेकॉर्ड करा आणि त्याची कॅसेट वाहिन्यांकडे पाठवा. पद्धत तुमच्या हातची आहे. प्रचारासाठी नेते कशाला? तुमच्याच वाहिनीवरच्या ‘नॉन ए ला राय’ या कार्यक्रमातली आम्ब्रा, वय वर्षं सोळा, कानात इअरफोन लावून दिग्दर्शक बोन्कोम्पान्यी सांगतील ते बोलते. देव बेर्लुस्कोनींच्या बाजूने आहे आणि सैतान विरोधी पक्षाच्या ओक्केत्तोंच्या, हेही ती हसत हसत सांगून टाकते. मार्चमध्ये तुम्ही निवडणूक जिंकता. ज्या गावांत तुमची वाहिनी १९८५ च्या आधी पोचली होती, तिथे तुम्हाला जवळपास एक टक्का मतं जास्त पडली, असं २०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञ मोजून दाखवतात. लहानपणी हे पाहत वाढलेली मुलं मोठेपणी बौद्धिक चाचण्यांत मागे पडली, असंही त्यांचं म्हणणं आहे. म्हणू द्या. अर्थतज्ज्ञांचे कार्यक्रम दुपारी कोण बघतं?

राहता राहिले रुसणारे. १९९० मध्ये संसदेने कायदा केला आणि तुमच्या हातात आधीपासूनच असलेल्या तिन्ही वाहिन्या तुम्हालाच बहाल केल्या, तेव्हा पाच मंत्र्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्यांतले एक होते शिक्षणमंत्री सेर्ज्यो मात्तारेल्ला. त्यांच्याशी कायमचं वैर धरू नका. २०१५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष होतात, आणि जून २०२३ मध्ये मिलानच्या कॅथेड्रलात तुमचे सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार होतात, तेव्हा तिथे हजर असतात. अर्थातच, थेट प्रक्षेपणात.