विशाखापट्टणम, अराकू आणि 'भंगार पाणबुडी': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

'तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून सांगतो' अशी सुरुवात तुम्हीच केलीत, तेव्हा काकाच म्हणतो. माझ्या विशाखापट्टणमच्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. डोंगरातलं अराकू खोरं आणि बोर्रा गुंफा गाळल्या. एका भंगार पाणबुडीवर दीड पान खर्च केलं. मालवणच्या, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दारातल्या माणसाला आरमार आणि समुद्र बघायला आंध्रात पाठवलं. आणि 'घरातल्या सगळ्यांनी आत जाऊन यावं' असं मी लिहिलं म्हणून तुम्ही काकूंना त्या पाणबुडीत, कुरसुरात, नेलंत आणि त्यांचे गुडघे दोन दिवस बोलत होते.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक निव्वळ माझी आहे. पाणबुडी ९१ मीटर लांब असली तरी रुंदीला जेमतेम ८ मीटर, आणि त्यातही माणसाला चालायला उरते ती एक बोळकांडी. कप्प्याकप्प्यातून वाकत पुढे सरकायचं, मागून माणसं येतच असतात, मध्येच परत फिरायची सोय नाही. तिशीतल्या माणसाला हे गमतीचं वाटतं आणि तो 'सगळ्यांनी' असं लिहून मोकळा होतो. ते वाक्य मी बदललंय. गुडघेदुखी, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी कुरसुरा बाहेरूनच पाहावी. काकूंना माझ्या वतीने सॉरी सांगा.

पण 'भंगार' हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. आयएनएस कुरसुरा सोव्हिएत बनावटीची. १९६९ च्या डिसेंबरात नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात, म्हणजे आपल्याच बाजूला, गस्तीवर होती आणि २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली. मग तिला रामकृष्ण बीचवर ओढून आणलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आत ७५ च्या आसपास माणसं आणि २२ टॉर्पेडो एकत्र नांदत. डिझेलवर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, त्यामुळे हवेसाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ यावंच लागे. गोडं पाणी मोजून. हे सगळं वाचून कळतं, पण त्या बोळकांडीत समोरच्याला वाट देण्यासाठी अंग चोरून उभं राहिलं की वेगळंच कळतं. आपल्या मुंबईत विक्रांत ही जुनी विमानवाहू नौका होती. २००१ पासून तिच्यावर संग्रहालय होतं, मी शाळेत असताना पाहिलंय. २०१२ ला ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती खरोखरच भंगारात गेली. ती ज्यांनी पाहिली होती त्यांना मी कुरसुरावर दीड पान का लिहिलं हे सांगावं लागत नाही.

आणि विक्रांतचं नाव तिथेही निघतंच. कुरसुरापासून जवळच, त्याच रस्त्यावर, १९७१ चं युद्धस्मारक आहे. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विक्रांतला गाठायला कराचीहून बंगालच्या उपसागरात आली होती. आपण विक्रांत अंदमानकडे हलवली आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा आभास निर्माण केला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी बंदराच्या तोंडाशी बुडाली. आपलं नौदल श्रेय आयएनएस राजपूतच्या माऱ्याला देतं, पाकिस्तान म्हणतं अपघात. सांगाडा अजून तिथेच पाण्याखाली आहे. संध्याकाळी भेळवाल्यांच्या गर्दीत उभं राहून समोरच्या पाण्याकडे बघताना हे ठाऊक असलेलं बरं.

नौदलाच्या गावात नौदल तुम्हाला दाखवत नाहीत, ही खरी गोम आहे. गोदी बंद, धक्का बंद, फोटोला मनाई. आपल्या वाट्याला येतं ते निवृत्त होऊन किनाऱ्यावर आलेलं: पाणबुडी, तिच्या समोर रस्त्यापलीकडे २०१७ पासून उभं असलेलं टीयू-१४२ हे टेहळणी विमान, आणि डॉल्फिन्स नोज टेकडीच्या आडोशाने सरकणारी एखाद्या युद्धनौकेची करडी आकृती. एवढ्यावरच गावाची ओळख करून घ्यायची तर दिवस द्यावाच लागतो.

अराकूबद्दल. रेल्वेने चार तासांच्या आसपास, रस्त्याने ११५ किलोमीटर. ती लाइन मुळात छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर आणायला घाटातून काढलेली, बोगद्यामागून बोगदा. सुंदरच आहे, पण पहाटे निघून रात्री परत यायचं म्हणजे अराकूही धड नाही आणि शहरही नाही. तिथे मुक्काम करा. त्यावर वेगळा लेख लिहीन, इथे कोंबणार नाही.

आता कोकणी माणसाचा मुद्दा. तुमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तिथे समुद्रातून वर येतो. भल्या पहाटे बीच रोड वाहनांना बंद असतो तेव्हा चालत जा आणि मग सांगा. पोहायला मात्र रामकृष्ण बीचवर उतरू नका, तिथली ओढ वाईट आहे.

शिवाय त्या गावात आपला माणूसही आहे. शहरात 'सिंधिया' नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याने नाव घेतलं तेव्हा मला वाटलं इथे ग्वाल्हेरचे शिंदे कुठून आले. पण ते शिंदेच! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी भागीदारांसोबत पहिलं जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलं, त्यावरून त्यांच्या जहाज कंपनीला सिंधिया नाव पडलं. त्याच कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपान्यांनी शहरावर बॉम्ब टाकले, तरी काम पुरं झालं आणि १९४८ मध्ये तिथून 'जलउषा' ही बोट पाण्यात उतरली. नेहरू आले होते. हा कारखाना आजचं हिंदुस्तान शिपयार्ड. आत जाता येत नाही, त्यामुळे लेखात टाकलं नव्हतं. टाकायला हवं होतं.

तुम्ही विचारलंय, काकूंना घेऊन पुन्हा जायचं तर कधी? ४ डिसेंबरच्या सुमारास. नौदल दिनाची प्रात्यक्षिकं रामकृष्ण बीचसमोर झाली तर वाळूत खुर्ची टाकून बघता येतात, गुडघ्यांना त्रास नाही. फक्त आधी चौकशी करा, हल्ली ती दर वर्षी तिथेच होत नाहीत. २०२३ ला तर तुमच्याच तारकर्लीला झाली. मला सुट्टी मिळाली नव्हती. तुम्ही पाहिली असतील तर खाली सविस्तर लिहा.