लॉगिनची आगंतुक खिडकी घालवण्याचे खात्रीशीर उपाय

आधी तुमचं अभिनंदन. शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये स्वतःच्या हाताने पैसे घालवायचे दिवस संपले हे तुम्ही वेळीच ओळखलंत आणि ते काम संगणकाकडे सोपवलंत. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास तुम्ही वाचलेला आहेच. २०२१-२२ पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १ कोटी १३ लाख सामान्य ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे वाचून एखादा भित्रा माणूस पोस्टात जाऊन आरडी उघडून आला असता. तुम्ही मात्र त्याच अभ्यासातली वेगळी ओळ अधोरेखित केलीत: २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी (स्वतःच्याच पैशाने खेळणाऱ्या कंपन्यांच्या) ट्रेडरांच्या नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोचा, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणाऱ्या प्रोग्रामचा होता. त्यांच्याकडे अल्गो आहे, तुमच्याकडेही अल्गो आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांचे सर्व्हर वांद्रे-कुर्ला संकुलात एक्स्चेंजच्या उशाशी बसवलेले असतात आणि तुमचा लॅपटॉप डोंबिवलीत इस्त्रीच्या कपड्यांशेजारी, हा निव्वळ भूगोल झाला.

तर सगळं सुरळीत चाललंय. बॅकटेस्टचा (जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीचा) आलेख सह्याद्रीसारखा चढलाय. नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा ड्राफ्ट्समध्ये तयार आहे. आणि सकाळी सव्वानऊला दोन मिनिटं असताना पडद्याच्या मध्यभागी एक पांढरी चौकट उगवते: यूजर आयडी, पासवर्ड, खाली सहा अंकी कोडासाठी सहा रिकामी घरं. तुम्ही बोलावलेली नसते. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो ती ब्रोकरची आहे, ब्रोकरचा हेल्पडेस्क म्हणतो ती सॉफ्टवेअरची आहे.

पहिला उपाय सर्वांना उपजत येतो: कोपऱ्यातली फुली दाबा. खिडकी जाते, मन शांत होतं. पंधरा मिनिटांनी परत आली की परत फुली. काही सॉफ्टवेअर फुलीचा अर्थ ‘वापरकर्त्याला आज ट्रेड करायचा नाही’ असा घेतात आणि दिवसभर गप्प राहतात. काही मात्र ‘लॉगिन झालंच असेल’ असं समजून जुन्याच टोकनवर (लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल पासावर) ऑर्डरी पाठवत राहतात आणि ब्रोकरचा सर्व्हर त्या एकामागून एक नाकारत राहतो. तुमचं सॉफ्टवेअर यातल्या कुठल्या जातीचं आहे हे आधी तपासून पाहू नका. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशी आपोआप कळतं.

फुलीनेही भागत नसेल तर ती खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर ढकला आणि तो मॉनिटर काढून मुलाला अभ्यासाला द्या. विंडोजची स्मरणशक्ती चांगली असल्यामुळे काही प्रोग्राम पुढच्या वेळीही ती खिडकी त्याच, आता अस्तित्वात नसलेल्या जागी उघडतात. आता ती दिसत नाही. पण आहे, आणि ती उत्तराची वाट पाहत असेपर्यंत मागचा अख्खा प्रोग्रामही तिच्यासोबत वाट पाहत थांबलाय. लॉग फाइल उघडून बघाल तर एकही एरर नाही, कारण वाट पाहणं ही चूक नसते. शेवटची नोंद ९:१३ ची, तीही ‘कनेक्टिंग...’ अशी हसतमुख. याला तांत्रिक भाषेत स्थैर्य म्हणायला हरकत नाही.

आता कारणाकडे वळायचा मोह होईल. वळू नका, पण उत्सुकता म्हणून सांगतो. एपीआयने (प्रोग्रामला थेट ब्रोकरशी जोडणाऱ्या दाराने) ट्रेड करणाऱ्याला सकाळी लॉगिन केल्यावर एक टोकन मिळतं आणि ते त्या दिवसापुरतंच चालतं. हे ब्रोकरचं खूळ नाही. सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने अल्गोवाल्यांसाठी ओऑथ पद्धतीचं (ब्रोकरच्याच पानावर होणारं) लॉगिन, दुहेरी पडताळणी आणि आधी कळवून ठेवलेला स्थिर आयपी पत्ता सक्तीचा केला, आणि त्यापाठोपाठच्या नियमांत पुढच्या दिवसाचा बाजार उघडण्यापूर्वी प्रत्येक सेशन बंद करायला सांगितलं. थोडक्यात, पेन्शनरांना वर्षातून एकदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो तुम्हाला रोज सकाळी द्यायचाय. समोर धडधाकट बसलेला माणूस जिवंत आहे हे त्याच्याकडूनच लिहून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे.

तुम्ही इंजिनिअर असल्यामुळे (नसलात तरी पायथनचा सहा आठवड्यांचा कोर्स झालाय) असला दाखला स्वतः देणं तुम्हाला अपमानास्पद वाटणं साहजिक आहे. म्हणून लॉगिनसुद्धा स्वयंचलित करा. दुहेरी पडताळणीमागची कल्पना अशी, की एक गोष्ट तुमच्या डोक्यात असावी आणि दुसरी तुमच्या खिशातल्या फोनमध्ये, म्हणजे चोराला दोन्ही एकदम मिळू नयेत. चोराची ही पायपीट वाचवा. पासवर्ड आणि टीओटीपीची (फोनमधल्या त्या सहा अंकी कोडाची) गुप्त किल्ली एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक लिहा. फाइलला ‘कॉन्फिग’ असं नाव द्या. मग कोडचा बॅकअप हवा म्हणून ते सगळं फोल्डर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर चढवा आणि सर्वांना दिसेल असं पब्लिक ठेवा, कारण पुढे नोकरी बदलताना प्रोफाइल दाखवायला बरं पडतं.

इतकं करूनही कोड नाकारला गेला तर घड्याळाकडे चुकूनही बघू नका. तो सहा अंकी आकडा गुप्त किल्ली आणि त्या क्षणीची वेळ यांच्यावरून काढलेला असतो आणि दर तीस सेकंदांनी बदलतो. त्यामुळे ज्या लॅपटॉपचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, तो अत्यंत प्रामाणिकपणे दोन मिनिटांपूर्वीचा बरोबर कोड पाठवत राहतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ असं एक बटण आहे. ते दाबलं की प्रश्न सुटतो आणि मग करण्यासारखं काही उरत नाही. त्यापेक्षा स्क्रिप्टला ‘लॉगिन होईपर्यंत प्रयत्न करत राहा’ असं शिकवा. काही अपयशी प्रयत्नांनंतर ब्रोकर खातं लॉक करतो आणि मग पासवर्ड बदलण्यासाठी पॅन नंबर मागतो. पॅन कार्ड कपाटात, कपाटाची किल्ली पत्नीकडे, पत्नी भाजी आणायला गेलेली. निफ्टी वाट बघत थांबत नाही, हे तुम्ही इतरांना नेहमी सांगता.

पण या सगळ्याहून रोचक प्रकार म्हणजे दिवसाच्या मध्यावर उगवणारी खिडकी. सकाळचं लॉगिन झालंय, ट्रेड चालू आहे, स्ट्रॅडल (एकाच किमतीच्या कॉल आणि पुट या दोन ऑप्शनांची जोडी) विकून ठेवलाय आणि अकराच्या सुमारास बाईसाहेब पुन्हा हजर. इथे भल्याभल्यांची मती गुंग होते. कोणी इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो, कोणी राउटर बदलतो, कोणी व्हीपीएस (दूरवरचा संगणक) भाड्याने घेतो. खरं कारण बहुधा हे असतं की तुमचा अल्गो दोनदा चालू आहे. एक प्रत विंडोजच्या टास्क शेड्युलरने ठरल्या वेळी साडेआठला उठवली आणि ती पडद्यावर दिसली नाही म्हणून दुसरी तुम्ही डबल क्लिक करून उठवली. बऱ्याच ब्रोकरांकडे एका ॲपसाठी नवं टोकन घेतलं की जुनं त्याच क्षणी रद्द होतं. म्हणजे दुसरीने लॉगिन केलं की पहिली बाहेर. पहिलीने खिडकी दाखवली, तुम्ही इमानेइतबारे कोड भरलात, ती आत आली की दुसरी बाहेर. आता दुसरी खिडकी दाखवते. तुम्ही तिथेही भरता. एका जबाबदार गृहस्थाने करावी तशी ही सेवा तुम्ही दिवसभर करू शकता. मध्येच दोघींना पाठोपाठ काही क्षण फट मिळाली तर दोघीही आपापला स्ट्रॅडल विकतात, आणि एका लॉटची रणनीती दोन लॉटची होते. त्या दिवशी नफा झाला तर पोझिशन सायझिंग (सौद्याचा आकार ठरवण्याची कला) म्हणून सांगायचं.

अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून पायथनच्या किती प्रक्रिया चालू आहेत हे मोजण्यात कमीपणा मानावा. शंभर रुपयांचा प्रश्न एका मिनिटात सुटला तर हजार रुपयांचा व्हीपीएस कसा खपणार?

व्हीपीएस घेतलात हे उत्तमच केलंत. आता रिमोट डेस्कटॉपने आत शिरा, माउसचे क्लिक ठरावीक जागी मारणारा रोबो चालू करा, तो सुंदर चालतोय हे डोळे भरून पाहा आणि रिमोटची खिडकी बंद करून ऑफिसला निघा. तुम्ही तोडलेल्या कनेक्शनबरोबर तिकडचा डेस्कटॉप लॉक होतो आणि रोबो दिवसभर काळ्या पडद्यावर निष्ठेने क्लिक मारतो. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करणारा प्राणी आजच्या काळात दुर्मिळ आहे, त्याला बंद करू नका.

इशाऱ्यांचं काय करायचं, असं कुणी विचारेल. ईमेल येतील: ‘टोकन इनव्हॅलिड’, ‘सेशन एक्स्पायर्ड’. त्यासाठी जीमेलमध्ये वेगळं लेबल करा आणि इनबॉक्स वगळा. या बाबतीत तुमच्यामागे मोठी परंपरा आहे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या नाइट कॅपिटल या दलाल कंपनीला आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचं कित्येक वर्षं न वापरलेलं जुनं प्रोग्रामिंग जिवंत राहिलं आणि बाजार उघडताच त्याने अनिर्बंध ऑर्डरी सोडल्या. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांच्या आसपास नुकसान झालं. अमेरिकी नियामकाच्या आदेशात नोंद आहे की त्या सकाळी बाजार उघडण्याआधी कंपनीच्या यंत्रणेने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. कोणीही त्यावर हालचाल केली नाही. त्यांच्याकडे तर पगारी माणसं होती. तुमचं न वाचलेलं लेबल ९७ च्या बरंच पुढे गेलं असेल, तेव्हा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही.

हे सारं झेपत नसेल तर टेलिग्रामवरच्या ‘सरां’ना शरण जा. सर आयडी, पासवर्ड आणि टीओटीपीची किल्ली मागतात, एवढंच. त्यानंतर खिडकी तुम्हाला पुन्हा कधीही दिसत नाही, ती सरांना दिसते. आतला हिशेब न दाखवणारा अल्गो विकायचा तर विकणाऱ्याची सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, वगैरे रुक्ष गोष्टी विचारून सरांचं मन दुखवू नका. ते रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग ट्रेडर्स’ म्हणतात, घरात तेवढंही कोणी म्हणत नाही.

घरावरून आठवलं. नियमाप्रमाणे स्वतः लिहिलेला अल्गो तुम्ही स्वतःसाठी, जोडीदारासाठी, अवलंबून असलेल्या मुलांसाठी आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी वापरू शकता. मेहुण्याचं नाव त्या यादीत नाही. नियम करणाऱ्यांनाही मेहुणे असावेत. तुम्ही मात्र मेहुण्याचं खातं आधीच जोडून बसलायत, आणि रोज सकाळी नऊला ‘भावजी, कोड आलाय, पटकन सांगू का, मी लोकलमध्ये आहे’ हा फोन येतो. ठाण्याच्या पुढे रेंज जाते. तीस सेकंद म्हणजे किती कमी वेळ असतो हे तुम्हा दोघांइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सुट्ट्यांचंही जाता जाता बघून घ्या. वेळा कोडमध्ये कायमच्या लिहून टाकल्यात, ते छान केलंत. वर्षानुवर्षं संध्याकाळी होणारं दिवाळीच्या मुहूर्ताचं ट्रेडिंग २०२५ मध्ये दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झालं. तुमचा अल्गो संध्याकाळी सहाला नटूनथटून बसला, लॉगिनची खिडकी उघडली आणि घरच्यांनी ती लक्ष्मीपूजनाच्या फोटोत पार्श्वभूमीला अमर केली.

राहता राहिला एक कंटाळवाणा मार्ग. तो काही लोक वापरतात म्हणे. सकाळी साडेआठला स्वतः उठून एकदाच लॉगिन करायचं. टोकन जिवंत आहे का हे प्रोफाइल मागवून तपासायचं. प्रोग्रामची दुसरी प्रत उघडूच शकणार नाही असं कुलूप कोडमध्ये ठेवायचं. टोकन मेलं तर नवी ऑर्डर न टाकता फोनवर बोंब मारायला सांगायचं. आणि मुख्य म्हणजे स्टॉपलॉस (तोटा ठरावीक पातळीवर थांबवणारी ऑर्डर) प्रोग्रामच्या स्मरणात न ठेवता ट्रेड झाल्याबरोबर खऱ्या ऑर्डरच्या रूपात एक्स्चेंजकडे पाठवून द्यायचा, म्हणजे खिडकी उगवो, वीज जावो, तो तिथे उभा असतो. यात ना थरार, ना व्हीपीएस, ना सर. असली माणसं स्टेटसला स्क्रीनशॉट टाकत नाहीत म्हणून त्यांच्याविषयी फारशी माहिती मिळत नाही.

तुमचा स्टॉपलॉस मात्र त्या थांबलेल्या प्रोग्रामच्या पोटात सुखरूप आहे, फक्त त्याला बाहेर यायला टोकन नाही. काळजीचं कारण नाही. इंट्राडे पोझिशन (त्याच दिवशी मिटवायचा सौदा) तुम्ही बंद केली नाहीत तर दुपारी सव्वातीनच्या पुढेमागे ब्रोकरची यंत्रणा ती स्वतःहून बंद करते. तिला कोड लागत नाही, खिडकी लागत नाही, तुम्ही जागे आहात की नाही याच्याशीही तिला देणंघेणं नसतं. काही ब्रोकर या सेवेचे प्रत्येक ऑर्डरमागे पन्नास रुपये आणि वर जीएसटी घेतात. कॉन्ट्रॅक्ट नोट (दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब) संध्याकाळी ईमेलने येते, तुम्ही केलेल्या त्याच लेबलखाली.