काडी लावून पाहा, पण कुठे ते आधी वाचा

दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "खान्देशात काळ्या पाषाणाखाली काही नाही, तेलाची आशा सोडा," असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: शिरपूरवरून जाणारा रस्ता सरळ गुजरातेतल्या अंकलेश्वरला पोचतो, तिथे तेल आहे तर इथे का नाही? तुमच्या बोअरच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो, केसिंग पाइपच्या तोंडाशी काडी लावली तर भपकन जाळ झाला. आणि माझ्यासारखे लोक घरात बसून जमिनीचा निकाल देतात.

शेवटचं आधी. उमेदीची काही वर्षं मी गुजरातेत सर्व्हेच्या टोळीबरोबर कपाशीच्या शेतांतून जिओफोनच्या, म्हणजे जमिनीतली कंपनं टिपणाऱ्या यंत्रांच्या, वायरी ओढल्यात. त्यामुळे घरात बसल्याचा आरोप आत्ताच्या गुडघ्यांपुरता मान्य.

आता अंकलेश्वर. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला. तिथल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' नाव दिलं. तिथेही आपलाच काळा पाषाण आहे, पण तळाशी. तो थंडावल्यावर तिथली जमीन खचत गेली, वर समुद्राचा गाळ साचत राहिला आणि हजारो मीटरचा थर झाला. त्यातली काळी चिकणमाती खोलवर शिजली, तेल वरच्या वाळूच्या दगडात चढलं, त्यावरच्या घट्ट थराने ते अडवून धरलं. आपल्याकडे तोच पाषाण माथ्यावर आहे. विहीर खणताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ दगड, मग पाषाण. तापीकाठी वर गाळ आहे, चांगला शेकडो फूट आहे, केळी त्यावरच पोसते. पण भूगर्भाच्या हिशेबात तो कालपरवाचा. तेल शिजायला साधारण साठ ते सव्वाशे अंश उष्णता लागते, त्यासाठी दोन-तीन किलोमीटर खोली. तापीच्या गाळात ते व्हायचं नाही. रस्ता एकच असला तरी वाटेत जमीन उलटी होते, दादा.

पण एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. "पाषाणाखाली काही नाही" हे मी ठोकून दिलं, ते चूक. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं तेव्हा 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, खाली जेमतेम 8 मीटर गाळाचे थर आणि मग थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाखडक निघाला. कोयनेच्या छिद्रात सव्वानऊशे मीटरहून जास्त बेसाल्ट आणि खाली गाळ अजिबात नाही. या दोन छिद्रांवरून मी खान्देशाचाही निकाल लावला. नर्मदा-तापीच्या पट्ट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांत या पट्ट्यात बेसाल्टखाली जुन्या गाळाच्या थरांच्या खुणा दिसल्या आहेत. अडचण अशी की सर्व्हेत जमिनीला धक्का देऊन सोडलेल्या लहरींना बेसाल्ट नीट खाली जाऊ देत नाही. लाव्हाचे थरावर थर, मध्ये तांबड्या मातीचे पट्टे. सोडलेला धक्का तिथेच विस्कटतो आणि कागदावर नुसती गिचमिड उमटते. आणि गाळ असला म्हणजे तेल असतंच असं नाही.

तवंगाचं मात्र घरबसल्या कळेल. बादलीत पाणी घ्या, थोडा वेळ राहू द्या, काडीने तवंग मोडा. काचेसारखे कोनदार तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. सोबत तांबूस गाळही असेल. काडी काढताच तवंग पुन्हा मिळून आला तर तेल समजा. पण मग आधी पंप वर काढा, कारण काही पाणबुडी मोटारींत तेल भरलेलं असतं आणि सील गेलं की तेच वर येतं.

जाळाबद्दल मला शंका नाही, तुम्ही पाहिलाच असेल. गाळात गाडलेला पालापाचोळा कुजला की मिथेन होतो, गोबरगॅसच्या टाकीत होतो तसाच. खोलवर शिजलेल्या वायूत मिथेनबरोबर बहुधा इथेन, प्रोपेनही सापडतात. प्रयोगशाळेत नमुना दिला की उलगडा होईल.

सातबारा माझा, मग खालचं तेलही माझंच ना, असंही विचारलंत. तेल निघालंच तरी ते सरकारचं. रॉयल्टी राज्याला जाते, शेतकऱ्याला वरच्या जमिनीचा मोबदला.

काडीने तवंग खुशाल मोडा, केसिंगपाशी मात्र ती पुन्हा पेटवू नका. बोअरवर पत्र्याची खोली असेल तर वरची खिडकी उघडी ठेवा आणि स्टार्टर बाहेरच्या भिंतीवर घ्या. बंद खोलीत मिथेन साठला, तर बटण दाबतानाची ठिणगीसुद्धा पुरते.